घोट्याची सुई, कंबरेखालचं यंत्र आणि लघवीची घाई

प्रश्न : माझं वय ६१ आहे. नोकरीतून निवृत्त झाले आहे. चार-पाच वर्षांपासून लघवीची अशी घाई होते की लागली म्हटल्यावर दाराची कडी लावेपर्यंतही दम निघत नाही. पुष्कळदा वाटेतच कपडे ओले होतात. रात्री तीन-चारदा उठावं लागतं. जोरात खोकले किंवा शिंकले तरी थोडी गळते. मधुमेह बरीच वर्षं आहे, गोळ्यांवर आटोक्यात आहे, पण तळपायांना मधूनमधून मुंग्या येतात. घाई कमी व्हावी म्हणून आधी एक गोळी दिली होती. तिनं तोंड कोरडं पडायचं आणि पोट साफ होत नव्हतं. दुसरीनं थोडा फरक पडला, पुरेसा नाही. आता युरोलॉजिस्ट म्हणतात की नसांना करंट देऊन उपचार करता येतील. एक तर घोट्यापाशी सुई टोचून दर आठवड्याला, नाहीतर कंबरेखाली यंत्र बसवून. ऐकूनच मी घाबरले. पाठीच्या कण्यात वीज सोडायची? पाय लुळे पडले तर? आणि एवढं करून गुण आलाच नाही तर? जाऊबाई म्हणतात, वय झालं की हे चालायचंच, पॅड वापर आणि गप्प राहा. मी पाणी पिणंच कमी केलंय. नवऱ्याला आणि मुलाला यातलं काही सांगितलेलं नाही. काय करू?
— एक वाचक

ताई,

आधी तुमच्या भीतीबद्दल बोलू, कारण ती मनात असेपर्यंत पुढचं काही नीट वाचलं जाणार नाही. या दोन्ही उपचारांत मज्जारज्जूला हात लावला जात नाही. मज्जारज्जू कंबरेच्या वरच्या मणक्यांपाशीच संपतो. यंत्राची तार जाते ती त्याच्या बरीच खाली. माकडहाडाच्या वर एक त्रिकोणी हाड असतं, त्याला मुळातच छिद्रं असतात. त्यातल्या एका छिद्रातून बारीक तार आत सरकवतात आणि ती तिथल्या नसेच्या शेजारी ठेवतात. घोट्याचा उपचार तर कण्याच्या आसपासही नसतो. करंट मिलिअँपिअरमध्ये मोजावा इतका थोडा असतो. तो झिणझिण्यांसारखा किंवा आतून हलकेच ठोके पडल्यासारखा जाणवतो. नसेला इजा होण्याची शक्यता संमतिपत्रात लिहिलेली असते, पण ती अतिशय विरळ आहे. पाय लुळे पडतील या धास्तीनं उपचार नाकारू नका.

दुसरं, यंत्र बसवायचं की नाही हे तुम्हाला आज ठरवायचंच नाही. हा उपचार आधी करून बघता येतो, आणि गुण आला नाही तर तिथंच थांबता येतं. मला त्याची हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. ‘गुण आलाच नाही तर?’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या चाचणीतच मिळतं. मात्र चाचणीचा निकाल वाचता यायला हवा, आणि त्यासाठी तुमच्याकडे आजचा हिशेब लिहिलेला हवा. त्याकडे येतेच.

जाऊबाईंचा राग धरू नका, त्यांनीही बहुधा हेच सोसलं असेल. पण त्यांचं म्हणणं खरं नाही. वयाबरोबर हा त्रास वाढत जातो, म्हणून तो सोसायचाच असतो असं होत नाही. लघवीची घाई, दिवसातून आठ-दहा वेळा जावं लागणं, रात्री उठणं आणि कधी कधी पोचण्याआधीच सुटणं, या सगळ्याला मिळून अतिक्रियाशील मूत्राशय म्हणतात. हा ओळखीचा आणि उपचार असलेला विकार आहे. पुरुषांनाही होतो, तरुणांनाही होतो.

तुमच्या पत्रात मात्र दोन वेगळ्या तक्रारी एकाच दमात आल्या आहेत. त्या सुट्या केल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. लागल्यावर धीर न धरवणं ही एक. इथं मूत्राशयाचा स्नायू नको त्या वेळी आवळतो. खोकताना-शिंकताना गळणं ही दुसरी. तिथं मूत्राशय ठीक असतं, पण मूत्रमार्गाला खालून मिळणारा आधार सैल झालेला असतो. पुष्कळ बायकांना दोन्ही असतं, तुम्हालाही तसंच दिसतंय. नसेच्या उत्तेजनाचा उपयोग पहिल्या तक्रारीला होतो. दुसरीला तो कामाचा नाही. हे आधी माहीत नसलं तर काय होतं ते मी पाहिलं आहे. घाई निम्म्याहून कमी झालेली असते, रात्रीची झोप लागायला लागलेली असते, आणि तरी शिंकताना गळतंच म्हणून बाई निराश होऊन उपचार सोडून देते. म्हणून स्वतःला विचारा, जास्त छळतं ते काय? पत्रावरून मला वाटतं, घाईच.

खोकल्याच्या गळतीसाठी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम असतो. लघवी आणि वारा दोन्ही रोखल्यासारखं आत-वर ओढायचं, काही सेकंद धरायचं, पूर्ण सोडायचं. असं आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. हा व्यायाम बरेच जण चुकीचा करतात. पोट आवळतात, श्वास कोंडतात, काही जणी तर खाली जोर देतात, आणि त्यानं उलटं होतं. ओटीपोटाचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घ्या.

या स्नायूंचा घाईसाठीही एक उपयोग आहे, तो आजपासून करता येईल. कळ आली की धावू नका. आहात तिथं उभ्या राहा, शक्य असेल तर बसा, आणि ते स्नायू पाच-सहा वेळा झटपट आवळून सोडा. हे स्नायू आवळले की मूत्राशयाला सैल पडण्याचा संदेश जातो. लाट बहुतेक वेळा ओसरते. ती ओसरल्यावर शांतपणे चालत जा. पहिल्या दिवशी जमणार नाही, पण महिनाभरात हाताशी येतं.

आता हिशेबाची वही. लागोपाठ तीन दिवस लिहा : किती वाजता गेलात, किती मिलिलिटर झाली (मापाचं एक प्लॅस्टिकचं भांडं यासाठी वेगळं ठेवा), घाई किती होती, गळती झाली का आणि ती घाईनं की खोकल्यानं, किती पॅड बदलले, काय आणि किती प्यायलात. रात्रीचंही लिहा. कंटाळवाणं काम आहे, तरी याच्याइतकी उपयोगी तपासणी दुसरी नाही. प्रत्येक वेळी शंभर-दीडशेच मिलिलिटर होत असेल तर मूत्राशय लवकर बिथरतंय. प्रत्येक वेळी चारशे-पाचशे होत असेल तर लघवी तयारच जास्त होते आहे, आणि मग नसेला कितीही करंट दिला तरी फेऱ्या कमी होणार नाहीत.

तुमच्या बाबतीत ही दुसरी शक्यता खरोखर तपासायला हवी. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या, डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या त्यांतल्या नेहमीच्या, साखर लघवीवाटे बाहेर काढतात. साखरेबरोबर पाणीही जातं आणि लघवी वाढते. हृदय आणि मूत्रपिंडांसाठी त्या चांगल्या आहेत, तेव्हा मनानं बंद करू नका. पण तुमच्या चिठ्ठीत त्या आहेत का, सुरू कधी झाल्या आणि त्रास कधी वाढला, हे डॉक्टरांसमोर ठेवा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेत असाल तर तिची वेळ बदलता येईल का, तेही विचारा. साखर चढलेली असली तरी फेऱ्या वाढतात, म्हणून तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी ताजी हवी.

मधुमेहामुळे आणखी एक तपासणी सोडू नका : लघवी करून आल्याबरोबर सोनोग्राफीनं पाहायचं की आत किती शिल्लक राहिली. बरीच वर्षं मधुमेह असला की मूत्राशयाच्या नसा मंदावू शकतात. पिशवी पूर्ण रिकामी होत नाही, लगेच पुन्हा भरते, वरून सांडते, आणि बाहेरून ते अगदी घाईसारखंच दिसतं. अशा वेळी घाईच्या गोळ्या त्रास वाढवतात. लघवीत जंतुसंसर्ग नाही ना, तेही पाहून घ्या. पाळी थांबल्यानंतर योनीमार्गाची त्वचा कोरडी आणि नाजूक होते, त्यानंही घाई आणि वारंवार संसर्ग होतो. तिथं लावायचं इस्ट्रोजेनचं मलम पुष्कळ जणींना उपयोगी पडतं. हे साधं असल्यामुळे राहून जातं, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांना आवर्जून विचारा.

पाणी कमी करणं मात्र थांबवा. कमी पाण्यानं लघवी गडद होते, मूत्राशयाला आतून झोंबते आणि घाई वाढते. पोट जड होतं, आणि भरलेलं आतडं शेजारच्या मूत्राशयाला दाबतं. लघवी फिकट पिवळी राहील एवढं पाणी दिवसभरात प्या, झोपण्याआधीचे दोन-तीन तास आवरतं घ्या. चहा-कॉफी आठवडाभर निम्म्यावर आणा आणि वहीत फरक दिसतो का बघा.

लघवीत रक्त दिसलं, ताप आणि जळजळ झाली तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. लघवी एकदमच अडली, किंवा बसायच्या जागेभोवती बधिरपणा आणि पायांत अचानक अशक्तपणा आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ही लक्षणं या सदराच्या कक्षेबाहेरची आहेत.

आता मूळ उपचाराकडे. मूत्राशय साठवतं आणि रिकामं करतं, पण कधी काय करायचं हे मेंदू ठरवतो. दोघांमधली ये-जा कंबरेखालच्या त्या त्रिकोणी हाडातून निघणाऱ्या नसांमधून चालते, मुख्यतः दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या. घाईच्या विकारात मूत्राशय अर्धवट भरलेलं असतानाच ‘आत्ता, लगेच’ असा संदेश जातो आणि मेंदूला तो दाबता येत नाही. याच नसांवर बाहेरून बारीक, एकसारखे ठोके देत राहिलं की हे चुकीचे संदेश मंदावतात. रडून रडून बेजार झालेल्या बाळाच्या पाठीवर एका लयीत थोपटत राहिल्यावर ते जसं निवत जातं, तसं काहीसं. करंट मूत्राशयाला आवळत नाही की बंद करत नाही, तो संदेशांची ये-जा ताळ्यावर आणतो. ही सगळी क्रिया नेमकी कुठं आणि कशी घडते यावर संशोधक अजून काम करताहेत.

घोट्याशी मूत्राशयाचा काय संबंध, असं तुम्हाला वाटलं असेल. घोट्याच्या आतल्या बाजूनं तळपायाकडे जाणारी जी टिबिअल नस आहे, तिची मुळं त्याच त्रिकोणी हाडापर्यंत पोचतात. तिला दिलेला ठोका वर जाऊन मूत्राशयाच्या नसांच्या शेजाराला पोचतो. सुई केसासारखी बारीक असते. आतल्या घोट्याच्या साधारण तीन बोटं वर ती तिरकी टोचतात, टाचेवर एक चिकटपट्टी लावतात आणि करंट हळूहळू वाढवतात. अंगठा वाकला, बोटं पसरली किंवा तळव्यात झिणझिण्या आल्या की जागा बरोबर आहे असं समजतात. मग तीस मिनिटं पाय टेकवून बसायचं. आठवड्यातून एकदा, असे बारा आठवडे. भूल लागत नाही, त्याच दिवशी चालत घरी जाता येतं. त्रास म्हणाल तर सुईच्या जागी थोडं दुखणं, कधी रक्ताचा थेंब, कधी काळानिळा डाग.

गुण किती येतो? २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २२० जणांना दोन गटांत विभागलं होतं. एका गटाला खरी सुई, दुसऱ्याला टोचल्याचा नुसता भास देणारी. बारा आठवड्यांनंतर खऱ्या गटातल्या ५४.५ टक्के लोकांनी बरीच किंवा खूप सुधारणा सांगितली, भासाच्या गटात २०.९ टक्क्यांनी. म्हणजे उपचारात खरोखर काही आहे. पण जवळपास निम्म्या लोकांना तेवढा फायदा झाला नाही, हेही तितकंच खरं. पहिल्या तीन-चार आठवड्यांत फरक दिसला नाही म्हणून सोडू नका, बऱ्याच जणांना तो सहाव्या-आठव्या आठवड्यापासून जाणवतो. आणि बारा झाले की संपलं असंही नाही. टिकवण्यासाठी महिन्यातून साधारण एकदा जावं लागतं. या उपचाराची खरी किंमत ही वेळेची आहे. नोकरी करणाऱ्या बायकांना तीच जड जाते. तुम्ही निवृत्त आहात, ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे.

घोट्यावर नुसत्या चिकटपट्ट्या लावून सुईशिवाय करंट देण्याचीही पद्धत आहे. ती शिकून घेऊन घरी करता येते. सुईच्या उपचाराइतका भक्कम पुरावा तिच्यामागे नाही, पण धोका फार कमी आहे. सुईचं केंद्र लांब असेल तर हा पर्याय डॉक्टरांकडे जरूर काढा. यंत्र मात्र त्यांच्या सांगण्यावरूनच घ्या. कुठलंही दुखण्याचं मशीन आणून अंदाजानं लावू नका. २०२२ मध्ये अमेरिकेत घोट्याजवळ कातडीखाली बसवायच्या नाण्याएवढ्या यंत्रालाही मान्यता मिळाली, पण तुमच्या डॉक्टरांनी ते सुचवलेलं नाही, म्हणून त्यात शिरत नाही.

घोट्याच्या उपचाराआधी तुम्हाला एक गोष्ट विचारायलाच हवी, आणि ती डॉक्टरांच्या लक्षात आणून द्यावी लागेल. तळपायाच्या मुंग्या. मधुमेहानं पायाच्या नसा कितपत बिघडल्या आहेत ते तपासून घ्या. ज्या नसेवर हा उपचार उभा आहे तीच क्षीण झाली असेल तर तो पोचणार कसा? मुंग्या थोड्या असतील आणि स्पर्श, कंपन नीट कळत असेल तर मार्ग मोकळा आहे. बधिरपणा बराच असेल तर मी घोट्याच्या मागे बारा आठवडे घालवायला सांगणार नाही. पेसमेकर किंवा हृदयाला झटका देणारं यंत्र असलेल्यांना, रक्तस्राव लवकर न थांबणाऱ्यांना आणि गरोदर बायकांना ही सुई देत नाहीत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा.

कंबरेखालच्या यंत्राची कल्पना नवी नाही. १९८० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एमिल तनाघो आणि रिचर्ड श्मिट यांनी ती प्रत्यक्षात आणली, आणि १९९७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं घाईच्या गळतीसाठी तिला मान्यता दिली. तेव्हापासून हा उपचार जगभर वापरात आहे. म्हणजे तुमच्यावर काही प्रयोग होणार नाही.

तो दोन टप्प्यांत होतो, आणि यातला पहिला टप्पा नीट समजून घ्या. तुम्हाला पालथं झोपवून, जागा बधिर करून किंवा हलकी गुंगी देऊन, क्ष-किरणांच्या मदतीनं त्या हाडाच्या तिसऱ्या छिद्रातून तार सरकवतात. तारेचं दुसरं टोक बाहेर, कंबरेला लावलेल्या छोट्या यंत्राला जोडतात. मग तुम्ही घरी. एका प्रकारात बारीक, तात्पुरती तार काही दिवस ठेवतात आणि ओढून काढतात. दुसऱ्यात कायमची तार घालून दोन आठवड्यांपर्यंत, कधी त्याहून थोडं जास्त, बघतात. या काळात पुन्हा तीच वही लिहायची. गळती, फेऱ्या किंवा घाई आधीच्या निम्म्यावर किंवा त्याखाली आली, तरच दुसरा टप्पा : कुल्ल्याच्या वरच्या भागात कातडीखाली बॅटरीचं यंत्र. तेवढा फरक दिसला नाही तर तार काढतात आणि गोष्ट संपते. म्हणून म्हटलं, आधीची वही हवी. ती नसेल तर ‘बरं वाटतंय बहुतेक’ एवढ्या आधारावर शस्त्रक्रियेचा निर्णय होतो. तो निर्णय तुमच्या आकड्यांवर व्हायला हवा.

यंत्र बसल्यावर करंट कमी-जास्त करायला हातात मावणारा रिमोट मिळतो. काही यंत्रांची बॅटरी चार्ज करावी लागत नाही, पण काही वर्षांनी संपली की यंत्र बदलावं लागतं. काही चार्ज करायची असतात, ती पंधरा वर्षांपर्यंत चालावीत अशी बनवलेली आहेत, पण ठरावीक दिवसांनी पट्टा लावून बसावं लागतं. तुमच्या हातून हे नियमानं होईल का, याचा खरा विचार करा.

अडचणीही स्पष्ट सांगते. बॅटरीच्या जागी दुखणं, तार सरकणं, पायात नको तिथं करंट जाणवणं, जंतुसंसर्ग, काही काळानं गुण ओसरणं. यातल्या काहींवर रिमोटनं किंवा डॉक्टरांकडे यंत्र पुन्हा जुळवून भागतं. काही जणांना मात्र पुन्हा छोटी शस्त्रक्रिया लागते, आणि संसर्ग झाला तर यंत्र काढावं लागतं. मधुमेहात जखम भरायला वेळ लागतो आणि संसर्गाचा धोका जास्त असतो, म्हणून साखर ताब्यात आल्याशिवाय तारीख घेऊ नका. नव्या यंत्रांसह एमआरआय ठरावीक अटींवर करता येतो, काही जुन्या यंत्रांसह फक्त डोक्याचा. कुठलं यंत्र बसवणार आणि एमआरआयचं काय, हे लेखी घ्या. गुडघेदुखीसाठी फिजिओथेरपीत जो डायथर्मीचा शेक देतात, तो हे यंत्र असताना कधीही घ्यायचा नाही. तारेतून उष्णता जाऊन आतल्या भागाला गंभीर इजा होऊ शकते. यंत्राचं ओळखपत्र पर्समध्ये कायम ठेवा आणि दात, गुडघे, डोळे, कुठल्याही उपचाराला गेलात तरी आधी दाखवा. विमानतळाच्या दारातून जातानाही तेच दाखवायचं.

तुम्ही विचारलेलं नाही, पण तिसरा रस्ताही आहे आणि तो तुमच्यासमोर मांडला जायला हवा. मूत्राशयाच्या भिंतीत दुर्बिणीतून बोटॉक्सची इंजेक्शनं. २०१६ मध्ये एका मोठ्या अभ्यासात बोटॉक्स आणि हे यंत्र यांची थेट तुलना झाली. गोळ्यांनी भागलं नव्हतं अशा बायकांमध्ये सहा महिन्यांत रोजची गळती बोटॉक्सनं सरासरी ३.९ वेळांनी कमी झाली, यंत्रानं ३.३ वेळांनी. फरक अगदी थोडा. पण लघवीचा संसर्ग बोटॉक्सच्या गटात ३५ टक्के बायकांना झाला, यंत्राच्या गटात ११ टक्क्यांना. बोटॉक्सचा असर काही महिन्यांनी उतरतो आणि पुन्हा घ्यावं लागतं. शिवाय काही जणींची लघवी अडते आणि तात्पुरतं स्वतः नळी घालून ती काढावी लागते. मधुमेहामुळे तुमचं मूत्राशय आधीच पूर्ण रिकामं होत नसेल तर हा धोका वाढतो. म्हणून शिल्लक लघवीची तपासणी झाल्याशिवाय मी बोटॉक्सकडे वळा असं म्हणणार नाही.

गोळ्यांबद्दल एवढंच. तोंड कोरडं पाडणारी पहिली गोळी बहुधा ऑक्सिब्युटिनिन, टोल्टेरोडिन, सॉलिफेनासिन या घरातली असावी. उतारवयात या गोळ्या दीर्घकाळ घेण्याबद्दल स्मरणशक्तीच्या दृष्टीनं काळजी व्यक्त होते, तेव्हा ती सुटली याची हळहळ नको. दुसरी मिराबेग्रॉन असेल तर रक्तदाब मोजत राहा. थोडा का होईना गुण आहे, म्हणून नसेचा उपचार सुरू असताना ती चालू ठेवता येईल का हे विचारा. आणि सगळ्या गोळ्या संपल्याशिवाय पुढचा उपचार मागायचा नाही, असा नियम आता उरलेला नाही. अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२४ च्या मार्गदर्शनात ही पायऱ्यांची सक्ती काढून टाकली. रुग्ण आणि डॉक्टर मिळून सोयीचा उपचार निवडू शकतात.

मग माझा सल्ला काय? पुढचे काही आठवडे वही, पाणी, आवळण्याचा व्यायाम, लघवीची तपासणी, शिल्लक लघवीची सोनोग्राफी आणि पायाच्या नसांची परीक्षा. एवढ्यानंच घाई आटोक्यात आली तर उत्तम. नाही आली आणि पायाची नस ठीक असेल, तर मी घोट्याच्या सुईपासून सुरुवात करायला सांगेन. शस्त्रक्रिया नाही, मागे काही राहत नाही, आणि तुमच्याकडे वेळ आहे. बारा आठवड्यांनंतर वहीतले आकडे हललेच नाहीत, किंवा पायाची नस आधीच क्षीण निघाली, तर कंबरेखालच्या यंत्राची नुसती चाचणी घ्या. तिथं निम्मा फरक दिसला तर यंत्राला घाबरू नका. पूर्ण कोरडं राहण्याची आशा मात्र बाळगू नका, ती थोड्यांनाच लाभते. रात्री चारच्या जागी एकदा उठणं आणि दिवसाचे चार पॅड एकावर येणं, हे या उपचाराचं चांगलं यश आहे. तुमच्या डॉक्टरांनी असे किती रुग्ण हाताळले आहेत, पुढं यंत्र जुळवायला कोण असेल, चाचणीचा खर्च वेगळा किती आणि कायमच्या यंत्राचा किती, हे संकोच न करता विचारा.

राहता राहिलं घरचं. पती रात्री शेजारी झोपत असतील तर तुम्ही तीन-चारदा उठता हे त्यांना ठाऊक असणार, फक्त का उठता ते ठाऊक नसेल. कदाचित ते काही भलतंच मनात धरून काळजी करत असतील. सगळं सांगायची गरज नाही. ‘मला लघवी रोखता येत नाही, त्यावर उपचार आहे, मी डॉक्टरांकडे जाते आहे,’ एवढी तीन वाक्यं पुरेत. मुलाला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण पतींना सांगा आणि पुढच्या भेटीला बरोबर न्या. दोघांनी ऐकलेलं जास्त लक्षात राहतं. शिवाय चाचणीची वेळ आलीच तर त्या दिवसांत वाकायचं नसतं, जड उचलायचं नसतं, पट्टी भिजू द्यायची नसते. आणि कंबरेमागची ती पट्टी सैल झाली का, तार ओढली गेली का, हे तुम्हाला एकटीला दिसणार नाही.